एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं, म्हणजे नेमकं काय झालं?

रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला. आवाज अगदी दबका. घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून बोलत असावी. रिपोर्टचा फोटो तिने आधीच पाठवला होता. पानभर बारीक मजकूर आणि मधोमध एक ठळक ओळ : ‘हाय-रिस्क एचपीव्ही – डिटेक्टेड’.

“ताई, खरं सांग. झालाय ना मला कॅन्सर?”

“नाही गं. आधी खाली बस बघू.”

गर्भाशयमुखाच्या पेशींच्या स्लाइड तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे असे रिपोर्ट मला नवे नाहीत. पण तो कागद जिच्या हातात पडतो तिला त्याचा अर्थ सांगायला त्या क्षणी शेजारी कुणीच नसतं, हे मला त्या रात्री नीट जाणवलं. तिला रिपोर्ट बंद पाकिटात मिळाला होता आणि डॉक्टरांची वेळ होती नऊ दिवसांनंतरची. नऊ दिवस ती त्या एका शब्दाकडे बघत बसली असती.

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग दुसरा प्रश्न आला, आणि तो विचारणं तिला पहिल्यापेक्षा जड गेलं. “ताई, हे... ह्यांच्याकडून आलंय का?”

या दोन प्रश्नांची उत्तरं मी तिला जशी दिली तशीच इथे लिहिते आहे. फोनवर जे राहून गेलं तेही यात आहे.

हा विषाणू आहे तरी कसा

एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. नाव एकच असलं तरी हा मोठा गोतावळा आहे, त्यात दोनशेहून जास्त प्रकार मोडतात आणि प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. काही प्रकार हातापायांवर चामखीळ आणतात, तेवढंच. चाळीसेक प्रकार जननेंद्रियांच्या भागात राहतात. त्यातले बरेचसे निरुपद्रवी आहेत, काहींमुळे त्या भागात मस्से येतात. उरलेले डझनभर असे आहेत की शरीरात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसले तर पेशींना कॅन्सरच्या वाटेवर नेऊ शकतात. या डझनभरांना ‘हाय-रिस्क’ म्हणतात. त्यातही १६ आणि १८ या दोन क्रमांकांचा दबदबा मोठा. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्क्यांमागे हे दोघेच असतात.

हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधांतून, जननेंद्रियांच्या त्वचेचा त्वचेशी संपर्क आल्याने पसरतो. कंडोममुळे धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही, कारण कंडोम सगळी त्वचा झाकत नाही. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होऊन जातो. ‘होऊन जातो’ हे मी मुद्दाम लिहिते आहे. बहुतेकांना तो झाल्याचा पत्ताही लागत नाही आणि गेल्याचाही नाही.

पत्ता का लागत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचं खालचं तोंड, योनीच्या आतल्या टोकाशी असलेलं. त्याच्या बाहेरच्या अंगावर चपट्या पेशींचे एकावर एक थर असतात. आतल्या नळीला मात्र उभट पेशींचा एकच पदर असतो. ही दोन अस्तरं जिथे एकमेकांना भिडतात ती जागा स्थिर नसते. वयात येताना आणि बाळंतपणांच्या काळात तिथे एका जातीच्या पेशींची जागा दुसऱ्या जातीच्या पेशी घेत असतात. अशा बांधकाम चालू असलेल्या जागी विषाणूला तळाच्या थरापर्यंत पोचणं सोपं जातं. म्हणून हा कॅन्सर बहुतेक वेळा त्या सांध्यावरच सुरू होतो, आणि नमुनाही तिथूनच घ्यायचा असतो.

एकदा तळाच्या थरात शिरला की तो तिथेच राहतो. रक्तात जात नाही, पेशी फोडत नाही, आग-सूज आणत नाही. तळाच्या पेशी वाढत वाढत वर सरकतात आणि शेवटी गळून पडतात, त्यांच्याबरोबर नवे विषाणू बाहेर पडतात. शरीराच्या पहारेकऱ्यांना चाहूल लागेल असं तो काहीच करत नाही. ताप नाही, दुखणं नाही, खाज नाही. लक्षणांची वाट बघून हा विषाणू कधीच सापडणार नाही, याचं कारण त्याच्या या राहणीत आहे.

विषाणू ते कॅन्सर : मधली वर्षं

मावसबहिणीला मी सगळ्यात जास्त वेळ हेच समजावलं.

उशिरा का होईना, शरीर विषाणूला ओळखतं. दर दहा संसर्गांपैकी सुमारे नऊ दोन वर्षांच्या आत निघून जातात, किंवा इतके दबून जातात की टेस्टमध्येही दिसत नाहीत. त्यासाठी औषध लागत नाही. खरं तर या विषाणूवर औषध नाहीच. काम रोगप्रतिकारशक्ती करते.

प्रश्न उरतो तो न जाणाऱ्या दहाव्याचा. आपल्या प्रत्येक पेशीत दोन राखणदार प्रथिनं असतात असं समजा. एक, पेशीने गरज नसताना विभागू नये म्हणून तिला रोखून धरतं. दुसरं, पेशीच्या डीएनएत बिघाड झाला तर काम थांबवतं, आणि बिघाड दुरुस्त होण्यासारखा नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं. हाय-रिस्क एचपीव्ही दोन प्रथिनं तयार करतो, ई६ आणि ई७. ई७ पहिल्या राखणदाराला अडकवून ठेवतं, ई६ दुसऱ्याचा नायनाट घडवून आणतं. आता पेशी विभागत राहते आणि तिच्या चुका कुणी तपासत नाही. चुकीवर चूक साठत जाते. हे महिन्या-दोन महिन्यांत होत नाही. वर्षं लागतात.

या मधल्या अवस्थेला डॉक्टर ‘सीआयएन’ म्हणतात. त्याच्या तीन पायऱ्या. सीआयएन १ म्हणजे जवळजवळ संसर्गाचीच खूण, ती बहुतेक वेळा आपोआप मिटते. सीआयएन ३ मात्र गंभीर. तो कॅन्सर नसतो, पण उपचार न करता सोडून दिला तर काय होतं याचं उत्तर न्यूझीलंडमधल्या एका दुःखद प्रकरणातून मिळालं. तिथे १९५० ते ७० च्या दशकांत काही स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं गेलं, तेही त्यांना पूर्ण कल्पना न देता. पुढे त्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की जवळपास ३० टक्के जणींना तीस वर्षांत कॅन्सर झाला होता. ज्यांना योग्य उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्यापेक्षाही कमी होतं. हे आकडे मी वाचते तेव्हा त्यामागच्या बायका डोळ्यांपुढे येतात. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आज आपण आत्मविश्वासाने ‘उपचार करा’ म्हणतो, त्याची किंमत त्यांनी मोजलेली आहे.

संसर्गापासून कॅन्सरपर्यंत जायला निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीमध्ये साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीवर उपचार चालू नसतील, तर हाच प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो. धूम्रपानानेही विषाणू टिकून राहायला मदत होते.

म्हणजे तपासणीच्या हाताशी इतका मोठा अवधी असतो. फार थोड्या कॅन्सरच्या बाबतीत आपलं नशीब इतकं उदार असतं. तरीही २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाल्याचं निदान झालं आणि सुमारे साडेतीन लाख जणी दगावल्या. इतका अवधी असलेला आजार इतके जीव घेतो याचा मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

आधी पेशी बघायचो, आता विषाणू शोधतो

गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, ही पद्धत जॉर्ज पापानिकोलाऊ यांची. १९४० च्या दशकात ती वैद्यकात रुजली, आणि त्यांच्या नावावरून ‘पॅप’ हे नाव पडलं. जिथे ती नेमाने राबवली गेली त्या देशांमध्ये या कॅन्सरचं प्रमाण झपाट्याने उतरलं. मी याच कामात वाढले, त्यामुळे पॅपबद्दल मला फार आदर आहे.

चांगल्या स्लाइडवर पेशी पातळ पाकळ्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. काही नारिंगी-गुलाबी, काही निळसर हिरव्या, प्रत्येकीच्या मधोमध एक छोटा गडद ठिपका, तिचं केंद्रक. एचपीव्हीने बाधित झालेली पेशी एकदा ओळखायला शिकलं की विसरत नाही. केंद्रक मोठं, काळपट, सुरकुतलेलं, आणि त्याच्याभोवती एक रिकामं स्वच्छ वर्तुळ, कुणी खोडरबराने पुसून काढावं तसं. पण एका स्लाइडवर हजारो पेशी असतात आणि त्यांत बिघडलेल्या मोजक्याच. त्या ब्रशला लागल्याच नाहीत तर स्लाइडवर येणार कुठून? आणि आल्या तरी दिवसभर बघून थकलेल्या डोळ्यांतून एखादी निसटू शकते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा एका वेळच्या पॅपमध्ये गंभीर बदलांपैकी सुमारे ५३ टक्केच सापडतात असं दिसलं. म्हणूनच पॅप ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा करावा लागतो. त्याच हिशेबात एचपीव्ही टेस्टने ९६ टक्के पकडले.

विषाणूचा माग लागायला वेळ लागला. १९७० च्या दशकात अनेकांचा संशय हर्पीसच्या विषाणूवर होता. जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउझेन मात्र पॅपिलोमा विषाणूच यामागे आहे हे धरून बसले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने कॅन्सरच्या ऊतीत एचपीव्ही १६ शोधला, पुढच्या वर्षी १८. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दरम्यान १९९९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि त्यात ९९.७ टक्के कॅन्सरमध्ये एचपीव्ही सापडला होता. कारण इतकं नेमकं ठाऊक असेल तर ते कारणच शोधावं, हा पुढचा विचार साहजिक होता.

टेस्ट करताना नमुना घेण्याची रीत पॅपसारखीच. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं साधन, लावून मऊ ब्रश गर्भाशयमुखावर फिरवतात. दोन-तीन मिनिटांचं काम. थोडं अवघडल्यासारखं होतं, काहींना किंचित रक्ताचा डाग दिसतो. पाळीच्या दिवसांत शक्यतो करत नाहीत. ब्रशवरचा नमुना द्रवाच्या बाटलीत जातो आणि बाटली मशीनमध्ये. मशीन पेशी बघत नाही. पेशींमध्ये हाय-रिस्क एचपीव्हीचा डीएनए आहे का, एवढंच शोधतं. बऱ्याच टेस्टमध्ये त्यासाठी पीसीआर वापरतात, म्हणजे त्या डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या पुन्हा पुन्हा प्रती काढून तो ओळखता येईल इतका वाढवायचा.

एक बारकावा मला आवडतो. अनेक मशीन त्याच बाटलीत एक मानवी जनुकही शोधतात. ते सापडलं नाही, तर बाटलीत पुरेशा पेशीच नव्हत्या असं समजून रिपोर्टवर ‘इनव्हॅलिड’ येतं. नमुना पुन्हा द्यावा लागतो आणि बायका घाबरतात, पण ते मशीनने प्रामाणिकपणे ‘मला कळलं नाही’ म्हणणं आहे. रिकाम्या बाटलीवर ‘निगेटिव्ह’चा शिक्का बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

या टेस्टने खरोखर जीव वाचतात का, याचा जगातला एक फार महत्त्वाचा पुरावा मराठी बायकांनी दिलेला आहे. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. चार गट केले. एकाला एकदाच एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. एचपीव्ही टेस्टच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या टेस्टने मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला. पॅप आणि डोळ्यांनी तपासणीच्या गटांत असा ठळक फरक दिसला नाही. तपासणी न मिळालेल्या त्या चौथ्या गटाबद्दल पुढे नैतिक प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते. पण आज जगभर एचपीव्ही टेस्टला जे पहिलं स्थान मिळालं आहे त्यात या स्त्रियांचा वाटा आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

कुणी करायची, कितीदा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं : ३० व्या वर्षापासून सुरुवात, आणि दर ५ ते १० वर्षांनी एकदा. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी २५ व्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी. पन्नाशीनंतर लागोपाठ दोन रिपोर्ट निगेटिव्ह असतील तर थांबता येतं. देशोदेशी नियम थोडे वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या अखेरीस पॅप सोडून एचपीव्ही टेस्ट धरली, तिथे २५ ते ७४ वयात दर पाच वर्षांनी करतात.

विशीत का नाही, असं अनेक मुली विचारतात. विशीत हा संसर्ग सर्रास असतो आणि सर्रास जातोही. तेव्हा टेस्ट केली तर खूप जणी पॉझिटिव्ह येतील, पुढच्या तपासण्या होतील, कुणावर नको असलेले उपचारही होतील. उपचारात गर्भाशयमुखाचा तुकडा काढावा लागला तर पुढच्या गरोदरपणात दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका थोडा वाढतो. तिशीनंतर सापडणारा विषाणू मात्र मुरलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून तेव्हा तो सापडण्याला अर्थ आहे.

आणि निगेटिव्ह आलं तर पुढची काही वर्षं खरंच निवांत राहता येतं. विषाणूच नसेल तर त्याला कॅन्सरपर्यंत न्यायला लागणारी वर्षंही सुरू झालेली नसतात. ‘दरवर्षी केलेलं काय वाईट’ हा विचार इथे लागू होत नाही.

एचपीव्हीची लस घेतलेल्यांनीही तपासणी करायची. लस काही ठरावीक प्रकारांपासून वाचवते, सगळ्यांपासून नाही, आणि आधीच असलेला संसर्ग ती घालवत नाही. गर्भाशय मुखासकट काढलेलं असेल आणि आधी कधी गंभीर बदल नसतील, तर सहसा गरज नसते. पण ऑपरेशनमध्ये मुख काढलं की ठेवलं हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. जुने कागद काढून डॉक्टरांना दाखवा.

नमुना स्वतः घेता येतो, ही गोष्ट मला वाटतं सगळं बदलू शकते. पातळ ब्रश किंवा कापसाचा बोळा लावलेली काडी योनीत काही इंच आत घालायची, हळूच फिरवायची, नळीत ठेवून झाकण लावायचं. दार बंद करून, एकटीने. विषाणू योनीतल्या स्रावातही सापडतो, त्यामुळे थेट गर्भाशयमुखापर्यंत पोचावं लागत नाही. पीसीआरवर आधारलेल्या टेस्टमध्ये असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरतो. पॅपसाठी हे चालत नाही, कारण तिथे नेमक्या जागेच्या पेशीच लागतात. तपासणीच्या टेबलावर झोपायची लाज किंवा आधीच्या एखाद्या वाईट अनुभवाची धास्ती, यापायी कितीतरी जणी येतच नाहीत. त्यांच्यासाठी ही काडी फार मोलाची आहे.

पॉझिटिव्ह आल्यावर

पुन्हा त्या फोनकडे येते. “मग आता पुढे काय?” बहीण विचारत होती. रिपोर्टच्या खालच्या भागात काय लिहिलंय ते मी तिला वाचायला लावलं. तिचा प्रकार १६ किंवा १८ नव्हता, ‘अदर हाय-रिस्क’ होता.

याने पुढची वाट ठरते. १६ किंवा १८ असेल तर अनेक ठिकाणी थेट कॉल्पोस्कोपीला पाठवतात. इतर प्रकार असतील तर आधी पॅप करून पेशी बघतात. त्यात बिघाड दिसला तर कॉल्पोस्कोपी, नाही दिसला तर वर्षाने, काही कार्यक्रमांत दोन वर्षांनी, पुन्हा एचपीव्ही टेस्ट. या थांबण्याला बायका ‘टाळाटाळ’ समजतात. शरीराला विषाणू घालवायला दिलेला तो वेळ असतो, आणि बऱ्याचदा शरीर ते करून दाखवतं. जिथे पुन्हा येणं अवघड असतं तिथे डॉक्टर पॉझिटिव्ह आल्यावर त्याच भेटीत तपासून लगेच उपचारही करतात.

कॉल्पोस्कोपी या शब्दाचीच अर्धी भीती असते. पोटात काही घालत नाहीत, भूल देत नाहीत. बाहेर उभ्या केलेल्या दुर्बिणीतून गर्भाशयमुख मोठं करून बघतात, बस. त्यावर ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावतात आणि मिनिटभर थांबतात. निरोगी भाग गुलाबीच राहतो. जिथे पेशी दाटीवाटीने वाढल्या आहेत तिथे हळूहळू पांढरा डाग उमटतो. मग त्या जागेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, ती बायॉप्सी. चिमटा बसल्यासारखं वाटतं. सीआयएन आहे का आणि कुठल्या पायरीचा, हे बायॉप्सीतच ठरतं.

गंभीर बदल सापडलेच, तर तेवढा भाग उष्णता देऊन किंवा गोठवून नष्ट करतात, नाहीतर विजेच्या तारेच्या बारीक फासाने कापून काढतात. बहुतेक वेळा हे त्याच दिवशी घरी पाठवण्यासारखं काम असतं आणि गर्भाशय शाबूत राहतं. त्यानंतरही सांगितलेल्या वेळी पुन्हा टेस्ट करायचीच.

माझ्या कामात मला सगळ्यात जास्त लागून राहतात त्या परत न आलेल्या बायका. टेस्ट झाली, पॉझिटिव्ह आली, आणि पुढे नावासमोरचा रकाना कोराच. टेस्ट फक्त सांगते, बरं करत नाही. फोन नंबर बदलला असेल तर कळवा. रिपोर्ट आला नाही तर ‘म्हणजे ठीक असणार’ असं धरून बसू नका, जाऊन मागा.

आणखी एक. पाळी नसताना रक्त जाणं, संबंधांनंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं अंगावरून जाणं, यातलं काहीही असेल तर स्क्रीनिंगच्या तारखेची वाट बघू नका. मागच्या वर्षीचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला तरीही नाही. स्क्रीनिंग काही त्रास नसलेल्या बाईसाठी असतं. त्रास असलेल्या बाईला लगेच तपासून घ्यायला हवं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

आता तो जड प्रश्न. हे कुणाकडून आलं?

टेस्ट हे सांगू शकत नाही. कुणाकडून, कधी, कसं, यातलं काहीही नाही. विषाणू वर्षानुवर्षं इतका दबून राहू शकतो की टेस्टमध्ये दिसत नाही, आणि वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती थोडी ढिली पडली की पुन्हा दिसू लागतो. आज सापडलेला संसर्ग गेल्या वर्षीचा असेल किंवा वीस वर्षांपूर्वीचा. तिला आधी असेल, त्यांना आधी असेल. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. या रिपोर्टवरून नवऱ्यावर आळ घेता येत नाही आणि बायकोवरही घेता येत नाही. सर्दीचा विषाणू लागला म्हणून आपण कुणाचं चारित्र्य तपासत नाही, इथेही तेवढाच संबंध आहे.

“मग ह्यांना टेस्ट करायला सांगू का?”

पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली अशी स्क्रीनिंग टेस्ट नाही, आणि आढळला तरी त्यावर द्यायला औषध नाही. त्यामुळे त्याचा उपयोग नसतो. जोडीदाराला सांगायचं की नाही हा निर्णय तिचा. मी तिला एवढंच म्हटलं, की सांगायचं ठरवलंस तर आधी हा विषाणू किती सर्रास आहे ते सांग, रिपोर्ट नंतर दाखव.

फोन ठेवताना साडेअकरा वाजून गेले होते. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला : “ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी मी येतो बरोबर.” नऊ दिवसांनी पॅप झाला, पेशी ठीक होत्या. डॉक्टरांनी वर्षाने पुन्हा एचपीव्ही टेस्ट सांगितली आहे. ती तारीख तिने फोनमध्ये टाकली आणि मलाही टाकायला लावली. जाता जाता विचारलं, “ताई, तू तुझी शेवटची कधी केलीस?” मी तारीख आठवायला लागले. सहा वर्षं झाली होती.

त्याच आठवड्यात जाऊन नमुना देऊन आले. रिपोर्ट अजून यायचा आहे.